होय, मला मारामारी आवडते!

गेल्या गौरीजेवणाच्या दिवशी आमच्या घरी माझ्यावर खटला भरला. पंगत उठली होती, पुरणपोळी अंगावर आली होती, आणि कुणीतरी सहज विषय काढला की आमच्या नातीला (वय १३, वजन ४४ किलो) गावातल्या कुस्ती केंद्रात नाव घालायचंय. झालं! नणंदबाई म्हणाल्या, "वहिनी, हे सगळं तुमचं खूळ. तिला कुस्त्या दाखवता, हाणामारीचे सिनेमे दाखवता, आणि राहिलेल्या वेळात दोघी स्क्रूड्रायव्हर घेऊन बसता." पुतण्याने पुस्ती जोडली, "काकू, तुम्ही मराठीच्या शिक्षिका. या वयात ज्ञानेश्वरी वाचायची सोडून हे काय?"

तेव्हा मी गप्प बसले. सणाचा दिवस, शिवाय तोंडात विडा होता. आज तोंड मोकळं आहे. आणि ही सगळी मंडळी मी लिहिलेलं वाचतात (वाचत नाही असं दाखवून वाचतात), तेव्हा इथेच उत्तर देते.

आधी हे सांगते की ज्ञानेश्वरी मी रोज वाचते. दोन्ही होतं.

आता मुद्द्याचं. तुम्ही कुस्तीला मारामारी म्हणता, तिथेच घोटाळा आहे. मारामारी म्हणजे ज्याला वेळ नाही, वजन नाही, पंच नाही आणि थांबायची जागा नाही. कुस्तीत सलामी आहे, जोड बघून लावायची असते, खांदे टेकले की संपलं. जिंकलेला हरलेल्याला हात देऊन उठवतो. छत्तीस वर्षं मी शाळेच्या मैदानावरची भांडणं सोडवली. त्यातली किती तालमीत जाणाऱ्या मुलांनी सुरू केली होती, हे आठवायला मला एका हाताची बोटं पुरतात.

मी कराडची. आमच्या शेजारचं गोळेश्वर हे खाशाबा जाधवांचं गाव. १९४८ साली ते लंडनच्या ऑलिंपिकला गेले, मॅटची सवय नसताना सहावे आले. १९५२ साली हेलसिंकीला त्यांनी कांस्यपदक आणलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. गावाने त्यांची बैलगाड्यांची मिरवणूक काढली, ती हकिकत वडील सांगायचे तेव्हा त्यांचा आवाज बदलायचा. पण मला त्याहून मोठी वाटते ती दुसरी गोष्ट. हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. एका शिक्षकाने, 'मारामारी'साठी, घर गहाण टाकलं. पुतण्या, तुझी काकू तर नुसता टीव्ही बघते!

लहानपणी मी तालमीच्या खिडकीतून कुस्ती बघितली, कारण आत यायला बायकांना मज्जाव होता. हौद्यातल्या तांबड्या मातीत तेल, ताक, हळद, लिंबू घालून ती मळायचे, त्याचा वास अजून नाकात आहे. तिथे मी एका किडमिड्या पोराला दांडग्या गड्यावर कलाजंग मारताना बघितलं. समोरच्याला खांद्यावर घेतलं आणि उलथून टाकलं. मी घरी जाऊन विचार करत बसले, हे झालं कसं? ताकद तर त्याची निम्मी! मग कळलं की तो पुढे रेटत आला, त्याचंच वजन त्याच्याविरुद्ध लावलं. माझं सगळं 'खूळ' या एका प्रश्नातून निघालंय. हे झालं कसं?

सिनेमाचंही तेच. लग्नानंतर ह्यांच्याबरोबर पहिला इंग्रजी सिनेमा बघितला तो 'एंटर द ड्रॅगन'. माझं बीए मराठी माध्यमातलं, संवाद एक कळेल तर शपथ. पण ब्रूस लीची लाथ मला स्वच्छ मराठीत कळली. आता नातीबरोबर जॅकी चॅनचा १९८३ सालचा 'प्रोजेक्ट ए' बघते. त्यात तो घड्याळाच्या मनोऱ्यावरून सुटतो आणि खालच्या कापडी छतांवर आदळत जमिनीवर येतो. शेवटी नावं सरकताना फसलेले प्रयत्नही दाखवलेत. पडणं, चुकणं, कळवळणं, सगळं. नातीला मी ते आधी दाखवते. 'शोले'तली पनवेल-उरण मार्गावर चित्रित केलेली रेल्वेची मारामारीही आम्ही थांबवून थांबवून बघतो. कुठे कापलंय, कुठे नटाच्या जागी दुसरा माणूस आहे, ठोसा खरंच बसला की नुसता आवाज घातलाय? आता तिला नव्या सिनेमातली लबाडी लगेच दिसते. एका ठोशाचे चार तुकडे केले की ती म्हणते, "आजी, याला मारता येत नाही, म्हणून कापलंय." हे बघून पोरगी हिंसक होईल म्हणता? अहो, तिला फसवणं अवघड झालंय, एवढंच.

आणि तुमच्या मालिकांचं काय? दुधात विष कालवणाऱ्या जावा रोज रात्री घरात येतात, त्यांना सलामी नाही की पंच नाही. तो संस्कार, आणि माझी कुस्ती मात्र खूळ! असो.

तिसरा आरोप स्क्रूड्रायव्हरचा. गेल्या वर्षी माझा फोन पाठीमागून फुगला. बॅटरी सुजली होती. दुकानात नेला तर तिथल्या मुलाने हातही न लावता सांगितलं, "आजी, नवा घ्या, हा उघडत नाही." उघडत नाही म्हणजे काय? कुणीतरी बंद केला, म्हणजे उघडतोच! गल्लीतल्या जुन्या कारागिराने तो अर्ध्या तासात गरम करून, डिंक सोडवून उघडला, बॅटरी बदलली. (सुजलेल्या बॅटरीला घरी टोचू नका, पेट घेते. आम्हीही नुसतं बघत उभ्या होतो.) ह्यांचा जुना ट्रान्झिस्टर चार स्क्रू काढले की पोटातलं सगळं दाखवायचा. आजची यंत्रं डिंकाने बंद केलेली असतात, म्हणजे तुम्ही आत बघू नये, आणि बिघडलं की गुपचूप पैसे काढावेत. हा माझा एकटीचा तक्रारखोरपणा नाही. फ्रान्सने २०२१ साली वस्तूंना दुरुस्तीच्या सोयीबद्दल दहापैकी गुण द्यायला सुरुवात केली (शिक्षिकेला याहून गोड बातमी कुठली!). युरोपीय संघाने २०२३ साली नियम केला की गिऱ्हाइकाला स्वतः बॅटरी काढून बदलता आली पाहिजे, आणि त्यासाठी १८ फेब्रुवारी २०२७ ही तारीख घातली. आपल्या सरकारनेही २०२२ च्या डिसेंबरात दुरुस्तीच्या हक्कासाठी संकेतस्थळ सुरू केलं.

आता तुमचं जे खरं आहे ते मान्य करते. मुष्टियुद्ध मी आवडीने बघते. १९७४ साली किन्शासात मुहम्मद अलीने दोरांवर रेलून फोरमनला दमवलं आणि आठव्या फेरीत पाडलं, ते कितीही वेळा बघेन. पण त्याच अलीला १९८४ साली पार्किन्सनचं निदान झालं. डोक्यावर वारंवार बसणारे ठोसे मेंदूला इजा करतात, यात वाद नाही. तिने बॉक्सिंग मागितलं असतं तर मी तुमच्या बाजूने बोलले असते. कुस्तीत ठोसा नाही. कान मोडतात, गुडघे दुखावतात, हेही लपवत नाही. ते मी तिला सांगितलंय.

नणंदबाईंनी जाताना हळूच एक वाक्य टाकलं, ते मात्र मनाला लागलं. "दिल्लीत त्या पोरींचं काय झालं, बघितलंत ना?" बघितलं. २०२३ साली त्या जंतरमंतरवर बसल्या, कुस्ती महासंघाच्या तेव्हाच्या अध्यक्षांवर लैंगिक छळाचा आरोप करून. मे महिन्यात पोलिसांनी त्यांना उचलून नेलं, तेही बघितलं. पण वन्सं, त्यांचा आरोप कुस्तीवर नव्हता, खुर्चीवर होता. त्यांच्यात साक्षी मलिक होती, २०१६ साली रिओहून कांस्य आणणारी. आपल्या पिढीच्या किती जणींनी असलं काही गिळून टाकलं, हे तुम्हाला आणि मला ठाऊक आहे. त्या पोरींनी गिळलं नाही. समोर वजनदार माणूस असला तरी पाय रोवून उभं राहायची सवय त्यांना कुठे लागली असेल, याचा विचार करा.

भीती खरी आहे म्हणूनच मी गेल्या आठवड्यात ते केंद्र आतून बघून आले. फोन उघडून बघावा तसं. शिकवायला बाई आहे, मुलींना कपडे बदलायला वेगळी खोली आहे, तिची कडी आतून लागते (मी लावून पाहिली). सरावाच्या वेळी दार उघडं असतं आणि पालकांना बसायला बाक आहे. त्या बाकावर मी बसणार आहे, रोज, ज्ञानेश्वरी घेऊन.

२०२३ साली सांगलीला मुलींची पहिली महाराष्ट्र केसरी झाली, प्रतीक्षा बागडीने ती जिंकली. ज्या खेळासाठी मी खिडकीच्या गजांना धरून उभी राहिले, त्याचं दार माझ्या नातीसाठी उघडं आहे. ते आता घरातल्यांनी लावून घ्यायचं?

अर्जावर आजीची सही चालत नाही, पालकाची लागते. बाळा, हे तू वाचशीलच. अर्ज देवघराशेजारच्या कपाटात, वरच्या खणात आहे. सोमवार शेवटचा दिवस.