इंधनवाहिनीची क्षमता आणि शेतातला पट्टा

पुणे - जमिनीखालून इंधन वाहून नेणाऱ्या वाहिन्यांनी पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागात आपले स्थान पक्के केले आहे. उरणहून निघणारी सुमारे १६८ किलोमीटरची एलपीजी वाहिनी शिरूर तालुक्यातील शिक्रापूरपर्यंत येते. दौंडच्या शेजारी, हवेली तालुक्यातील लोणी काळभोर हे मुंबई-पुणे-सोलापूर या पेट्रोल-डिझेल वाहिनीवरील महत्त्वाचे ठाणे आहे. वाहिनीमुळे शहराला इंधन अखंड मिळते आणि रस्त्यावरील टँकरही कमी होतात. वाहिनीचा पट्टा मात्र शेतकऱ्याच्या जमिनीतून जातो. त्यामुळे आहे त्याच वाहिनीतून अधिक इंधन नेता येईल का, हा प्रश्न केवळ अभियंत्यांपुरता राहत नाही.

द्रव पातळ केला की तो लवकर वाहील, हे या प्रश्नाचे वरवर सोपे उत्तर. ते अर्धेच खरे आहे.

काकवीचा धडा

द्रवाच्या अंतर्गत घर्षणाला श्यानता म्हणतात. दौंड तालुक्यातील गुऱ्हाळांवर तिचा रोजच अनुभव येतो. काहिलीतून उतरलेली गरम काकवी सहज ओतली जाते. थंडीच्या पहाटे तीच डब्यातून निघता निघत नाही. कच्च्या तेलाचेही तसेच आहे. राजस्थानातील बारमेरजवळ २००४ मध्ये सापडलेल्या मंगला क्षेत्रातील तेलात मेणाचे प्रमाण इतके आहे, की नेहमीच्या तापमानाला ते घट्ट होते. म्हणून गुजरातच्या किनाऱ्यापर्यंत जाणाऱ्या सुमारे ६७० किलोमीटरच्या वाहिनीत ते ६५ अंश सेल्सिअसच्या आसपास तापते ठेवावे लागते.

दाट तेल संथपणे, थराथरांनी वाहत असेल, तर श्यानता निम्मी होताच तेवढाच प्रवाह राखण्यासाठी लागणारा दाबही निम्म्यावर येतो. पेट्रोल, डिझेल आणि द्रवरूप एलपीजी यांचे गणित निराळे आहे. हे पातळ द्रव वाहिनीत भोवरे घेत धावतात आणि पंपाची बरीचशी शक्ती त्या भोवऱ्यांतच खर्च होते. तेथे श्यानता निम्मी केली, तरी दाबाची बचत ढोबळमानाने सहाव्या हिश्श्याइतकीच होते. शिवाय एलपीजी मुळातच पाण्याहून पातळ. त्यामुळे बारमेरचा उपाय शिक्रापूर किंवा लोणीला लागू पडत नाही.

भोवऱ्यांवर उतारा

येथे उपयोगी पडतात ती घर्षण कमी करणारी रसायने. लांब साखळीच्या पॉलिमरचे दहा लाख भागांमागे मोजकेच भाग मिसळले, की भोवरे मंदावतात आणि त्याच पंपावर अधिक इंधन पुढे सरकते. श्यानता मात्र जवळपास तशीच राहते. अलास्कातील खनिज तेल वाहिनीवर १९७९ मध्ये हा प्रयोग यशस्वी झाला आणि पुढे तो जगभर रूढ झाला. त्यालाही मर्यादा आहेत. पंपातून जाताना या साखळ्या तुटतात, त्यामुळे प्रत्येक पंपिंग स्टेशननंतर रसायन पुन्हा सोडावे लागते. त्याचा खर्च कायमचा असतो.

जमिनीचा हिशेब

तरीही या खर्चाची तुलना नव्या वाहिनीच्या किमतीशी व्हायला हवी. आणि त्या किमतीत शेतकऱ्याचा वाटाही मोजला पाहिजे. १९६२ च्या केंद्रीय कायद्यानुसार वाहिनीखालील जमिनीची मालकी शेतकऱ्याकडेच राहते. सरकार घेते तो वापराचा हक्क. त्यासाठी जमिनीच्या बाजारभावाच्या दहा टक्के मोबदला आणि प्रत्यक्ष नुकसानीची भरपाई मिळते. त्यानंतर त्या पट्ट्यात घर, विहीर किंवा तळे करता येत नाही, झाडही लावता येत नाही. ऊस घेता येतो, पण डाळिंबाची बाग नाही. पाण्यासाठी विहिरीवर विसंबणाऱ्या शिरूरच्या कोरडवाहू गावांत हे बंधन अधिकच जाचते.

अधिसूचना निघाल्यावर हरकत घेण्यासाठी २१ दिवस मिळतात. एवढ्या मुदतीत शेतकऱ्याने अभियांत्रिकी हिशेब मांडावा, ही अपेक्षा अवाजवी आहे. जुन्या वाहिनीची क्षमता रसायनाने किंवा वाढीव पंपांनी किती वाढू शकते, याचा तपशील नवा पट्टा मागणाऱ्यांनीच अधिसूचनेबरोबर जाहीर करायला हवा. वाहिनी नको, असे म्हणणारे थोडे असतील. ती खरोखर लागते का, हे विचारण्याचा हक्क मात्र ज्याच्या शेतातून ती जाते त्याला आहे.