राजीनाम्याआधी पौष पाहा

दिवाळी सरली की एखादी मैत्रीण हमखास विचारते, ‘ताई, सोडूच का हो आता नोकरी?’ फराळाच्या ऑर्डरी हातोहात खपलेल्या असतात, पर्समध्ये चार पैसे खुळखुळत असतात आणि ऑफिसात साहेबांची बोलणी तीच. माझं उत्तर ठरलेलं आहे : दिवाळीच्या गल्ल्यावर राजीनामा लिहू नकोस. पौष येऊ दे.

पौषात फराळाला कोण विचारतं? लग्नाचे ब्लाऊज शिवणारीचं मशीनही तेव्हा थंडावतं. पण मुलांची फी आणि घराचा हप्ता यांना पौष कळत नाही!

गिरगावातल्या ‘लिज्जत’चंच बघा. १९५९ साली ७ जणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, हे आपण कौतुकानं सांगतो. पण पहिल्या पावसाळ्यात पापड वाळेनात, म्हणून ४ महिने काम बंद ठेवावं लागलं, हे सहसा कुणी सांगत नाही. पुढच्या वर्षी त्यांनी खाटेवर पापड पसरले, खाली स्टोव्ह पेटवला आणि काम चालू ठेवलं. तुमच्या धंद्याचा ‘पावसाळा’ कोणता आणि त्यावरचा ‘स्टोव्ह’ कोणता, हे पगार चालू असतानाच शोधलेलं बरं, नाही का?

हिशेबात स्वतःची मजुरीही धरा. समजा, चकल्या विकून सामान, गॅस, पिशव्यांचा खर्च जाता १२०० रुपये उरले आणि १६ तास राबलात. म्हणजे ताशी ७५ रुपये. नोकरीत ताशी किती पडतात, तेही काढा. सासूबाईंची नि लेकीची मदत दिवाळीपुरती असते, बारमाही नसते.

तारखाही तपासा. कायम नोकरीत ग्रॅच्युइटीला साधारणपणे सलग ५ वर्षं लागतात, पीएफच्या पेन्शनला १० वर्षं. थोडक्यासाठी हक्काचा पैसा का सोडायचा?

मात्र मंदीचे दोन-तीन महिने घरखर्च निघाला, जुनी गिऱ्हाइकं आपणहून परत आली, की मग थांबू नका. ‘मुलं मोठी होऊ देत, मग बघू’ हे मी फार ऐकलंय. मुलं मोठी होतात हो, पण तोवर हात थकलेले असतात. हिशेब जुळला असेल, तर घरच्यांपुढे वही ठेवा आणि खुशाल राजीनामा लिहा.