आडनाव न विचारणारी खोली

बेवडा, बेवडा म्हणून दात काढणाऱ्यांनो, आधी तोंड मिटा. मग बोलू.

आमच्या वस्तीच्या तोंडाशी देशीचं दुकान आहे. दवाखाना दोन मैल लांब. गोदीत दिवसभर पाठ मोडली, छातीत सिमेंटची धूळ बसली, की पाय आपोआप तिकडे वळतात. नवटाक पोटात गेली की पाठ गप्प होते. नवटाकाचा पावशेर कधी होतो, पावशेराची उधारी कधी होते, ते बायकोला आधी कळतं, माणसाला नंतर.

सरकारला दोन तोंडं. संविधानाचं ४७ वं कलम सांगतं, राज्यानं नशाबंदीसाठी झटावं. १९४९ चा दारूबंदी कायदा अजून पुस्तकात जिवंत आहे. त्याच कायद्याखाली परवाने वाटायचे, तिजोरी भरायची, आणि वर भिंतीवर बोर्ड लावायचा : दारू वाईट. जून २०१५ मध्ये मालवणीत मिथेनॉल पोटात जाऊन शंभरावर माणसं मेली. ती कुठल्या बंगल्यातली होती? सगळी कष्टाची, आमच्यासारखी.

केंद्राच्या सामाजिक न्याय खात्यानं एम्सकडून देशभर पाहणी करून घेतली, ती २०१९ मध्ये छापली. दारूपायी मदतीची गरज असलेली माणसं पावणेसहा कोटींच्या घरात. दारूच्या पुरतं आहारी गेलेल्या ३८ जणांत कसला तरी उपचार मिळतो एकाला. उरलेले ३७ कुठं जातात? गटारात, रुळावर, नाहीतर सरणावर.

आणि आपण? १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी २२ प्रतिज्ञा दिल्या. त्यात दारू न पिण्याचीही आहे. आपण ती रंगवून भिंतीवर टांगली आणि पिणाऱ्याच्या डोक्यात हाणायला वापरली. मंचावर पंचशील, मंचामागं क्वार्टर, हे पुढारी तुम्हीही पाहिलेत. पण एक गोष्ट विसरलात. ती प्रतिज्ञा कोणी एकट्यानं अंधारात घेतली नव्हती. लाखो माणसांनी एकमेकांशेजारी उभं राहून घेतली. एकत्र घेतलेली प्रतिज्ञा एकट्यानं पाळायला का लावता?

१९३५ साली अमेरिकेत अ‍ॅक्रन गावात दारूत बुडून नुकताच वर आलेला एक शेअरवाला आणि अजून बुडालेला एक सर्जन समोरासमोर बसले. उपदेश नाही, एकमेकांचं ऐकलं. त्यातून अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस उभी राहिली. मुंबईतही तिच्या मीटिंगा भरतात, शाळेच्या वर्गात, चर्चच्या खोलीत. फी नाही. अट एकच, दारू सोडायची इच्छा हवी. नुसतं नाव सांगायचं. आडनाव कोणी विचारत नाही.

दोस्तांनो, इथं थांबा जरा. ज्या देशात आडनाव ऐकून भाड्याची खोली ठरते, पाण्याचा गिलास ठरतो, तिथं आडनाव न विचारणारी खोली ही साधी गोष्ट नाही. जात त्यानं मरत नाही, हे मलाही कळतं. पण तासभर माणूस नुसता माणूस म्हणून बसतो. तिथं देवाचं नाव येतं म्हणून बिचकू नका. आपल्यापेक्षा मोठी शक्ती कोणती मानायची, ते ज्याचं त्यानं ठरवायचं असतं. आपण संघ मानू. संघ आपल्याला परका नाही.

माझं भांडण वेगळं आहे. ही खोली आपल्या गल्लीत का नाही? संध्याकाळी मीटिंग, तेव्हा दुसऱ्या पाळीवाला जहाजाच्या पोटात असतो. गाडीभाडं आणि बुडालेली रोजी कोण देणार?

तेव्हा भाषण पुरे, कामाला लागा. १४४४६ हा व्यसनमुक्तीचा सरकारी नंबर, फुकट आहे. तो वस्तीच्या नळावर लिहा. जवळचा ग्रुप कुठं भरतो ते शोधा, पहिल्या दिवशी पिणाऱ्याबरोबर स्वतः चालत जा. रोज भरपूर पिणाऱ्याला एकाएकी कोंडून दारू तोडू नका. दोन-तीन दिवसांत हात कापतात, आकडी येते, भ्रम होतो, माणूस मरतोसुद्धा. आधी सरकारी नाहीतर पालिकेच्या इस्पितळात मानसोपचाराच्या ओपीडीत न्या. महिन्याचे पैसे घेऊन साखळीनं बांधणाऱ्या केंद्रांना पाय लावू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं साखळी हा गुन्हा आहे. घरच्यांसाठी अल-अनॉन नावाचे वेगळे ग्रुप आहेत. मार खाणाऱ्या बाईला तिची वाट दाखवा. सहन कर, म्हणू नका.

आणि विहाराचं कुलूप काढा. जयंतीला डीजे लागतो, बाकी वर्षभर तिथं धूळ. आठवड्यातून दोन वेळा उघडा, एकदा सकाळी, एकदा रात्री, पाळ्या बघून. पंधरा खुर्च्या, एक किटली चहा. खोली चालवतील ते दारू सोडलेले लोक. पुढाऱ्यांनी चपला सांभाळाव्यात.

दारूचं दुकान उघडायला सरकार आहे, पोलीस आहे, पैसा आहे. ही खोली उघडायला फक्त आपण आहोत. ज्याच्या खिशात विहाराची किल्ली आहे त्यानं आता बोलावं. बाकीच्यांनी त्याच्या दारात जाऊन बसावं.