बीबीचं बाळ

ताब्याच्या खटल्यात न्यायालय शेवटी एकच विचारतं, मुलाचं हित कशात आहे? घर, बचत, चांगली शाळा हे सगळं कागदावर मांडता येतं. आईची भाषा, आपल्यासारखा चेहरा रोज समोर असणं, हे कुठल्या कागदावर मांडायचं? ‘लिटल फायर्स एव्हरीव्हेअर’ ही २०२० सालची अमेरिकन मालिका या प्रश्नाला भिडते, म्हणून ती मला मोलाची वाटते. आणि ज्या बाईचा तो प्रश्न आहे तिलाच मालिका कडेला ठेवते, याचा रागही येतो.

गोष्ट नव्वदच्या दशकातली, ओहायोमधल्या शेकर हाइट्स या आखीव, सधन उपनगरातली. बीबी चाऊ चीनहून आलेली, हॉटेलात राबणारी. बाळंतपणानंतर मन खचलेलं, सोबतीला कुणी नाही, दुधाला पैसे नाहीत. तान्ह्या मुलीला ती अग्निशमन केंद्राच्या दारात ठेवते. मुलगी मॅकलॉ या गोऱ्या जोडप्याकडे जाते. मूल व्हावं म्हणून वर्षानुवर्षं झुरलेली लिंडा तिला जीव लावते, तिचं नाव बदलून मिराबेल ठेवते. बीबी सावरते आणि लेक परत मागते. दोघींपैकी कुणालाच दुष्ट म्हणता येत नाही, म्हणून हा खटला जिव्हारी लागतो.

मूळ कादंबरी सिलेस्ट इंग यांची, २०१७ सालची. त्या स्वतः शेकर हाइट्समध्ये वाढल्या. बीबीची पाठराखण करणाऱ्या मियाचा वंश कादंबरीत सांगितलेला नाही. मालिकेत केरी वॉशिंग्टननं ती भूमिका केली आणि मिया कृष्णवर्णीय झाली. या एका निवडीनं प्रसंगांचा अर्थ पालटतो. श्रीमंत गोरी एलेना (रीझ विदरस्पून) मियाला आपल्या घरात काम देऊ करते, तेव्हा त्या मदतीमागे अमेरिकेचा सगळा इतिहास उभा राहतो. एलेनाला तो दिसत नाही, मियाला क्षणभरही विसरता येत नाही. वैविध्य म्हणतात ते हे. चेहरा बदलला की गोष्टही बदलायला हवी, आणि इथे ती बदलते.

बीबीच्या वाट्याला मात्र असं काही येत नाही. आठ भागांपैकी सहावा जवळजवळ सबंध मिया आणि एलेनाच्या तरुणपणाला दिलेला आहे. बीबी चीनमधून का निघाली, मागे कोण राहिलं, हे सांगायला अर्धा भागही नाही. हुआंग लू या अभिनेत्रीनं मिळालेल्या मोजक्या प्रसंगांत जीव ओतला आहे. तरीही बीबीचं दुःख दोन मोठ्या नट्यांच्या झगड्याला निमित्त म्हणून वापरल्यासारखं वाटत राहतं.

कादंबरीतल्या खटल्यात बीबीचा वकील लिंडाला विचारतो, मुलीचं चिनी संस्कृतीशी नातं राहावं म्हणून काय करता? ती सांगते, आम्ही तिला चिनी हॉटेलात नेतो. लिंडा हे मनापासून सांगते, आणि तेच मला सर्वांत भयंकर वाटतं. पुण्या-मुंबईच्या संस्थांमधूनही कितीतरी मुलं दत्तक म्हणून युरोप-अमेरिकेतल्या घरी गेली. परदेशी दत्तक देण्याबद्दलच्या लक्ष्मीकांत पांडे प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं १९८४ साली सांगितलं, की आधी देशातच आईवडील शोधा. परदेशी गेलेल्या त्या मुलांतली काही मोठी होऊन जन्मदात्रीचा माग काढत इथे येतात. प्रेमानं वाढवलेली असूनही येतात.

मालिकेत बीबी खटला हरते आणि एका रात्री लेकीला उचलून निघून जाते. कायद्याच्या नजरेत हे अपहरण. तिची बाजू आपल्याला आधी नीट ऐकवली असती, तर त्या रात्री आपण कुणाच्या बाजूनं उभे राहिलो असतो?