टाकीत आधी मीटर सोडा, माणूस नको

काही हॉटेलवाल्यांना राग येणार आहे. येऊ द्या.

काजव्यांचा सीझन तोंडावर आला की भंडारदऱ्यात संडासाच्या टाक्या उपसायची घाई सुरू होते. गाडी येते, वरचं पाणी ओढते, तळाचा गाळ तसाच राहतो. मग कुणीतरी म्हणतं, "उतर रे, पाच मिनिटांचं काम." उतरणारा आपल्याच वाडीतला पोरगा. अंगात बनियन, हातात घमेलं, बस्स.

२०२४ चा गुढीपाडवा विसरलात? ९ एप्रिल. आपल्याच जिल्ह्यात, नेवासा तालुक्यातल्या वाकडीत, शेणाच्या स्लरीनं भरलेल्या जुन्या विहिरीत मांजर पडलं. ते काढायला एक उतरला, त्याला काढायला दुसरा, असे सहा जण. पाच गेले. वाचला त्याच्या कमरेला दोर होता.

"वास आला की कळतंच ना!" नाही कळत. हायड्रोजन सल्फाईडचा कुजक्या अंड्यासारखा वास थोडा गॅस असतानाच येतो. १०० पीपीएमच्या आसपास नाकच बधिर होतं. आपल्याला वाटतं गॅस गेला. कंदील सोडून बघायची जुनी रीतही सांगू नका. ऑक्सिजन फार कमी असेल तर ती विझेल, विषारी वायू तिला कळत नाही. मिथेन साठला असेल तर भडकाच.

चार गॅसचा डिटेक्टर मुठीत मावतो. दोरीला बांधून वर, मध्ये आणि तळाशी सोडायचा. ऑक्सिजन १९.५ टक्क्यांखाली गेला किंवा हायड्रोजन सल्फाईड १० पीपीएमवर चढला की बोंबलतो. गाळ ढवळला की गॅस नव्यानं सुटतो, म्हणून काम संपेपर्यंत तो चालूच हवा. किंमत? तुमच्या खिशातल्या मोबाईलएवढी.

"माणूस ठेकेदाराचा होता" हेही चालणार नाही. २०१३ चा कायदा थेट किंवा दुसऱ्यामार्फत, दोन्ही धरतो. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद. गटारात मेलेल्याच्या घरच्यांना ३० लाख द्या, असं सुप्रीम कोर्टानं २० ऑक्टोबर २०२३ ला सांगितलंय. खरं तर मीटर असला तरी माणूस उतरवूच नये, गाळ मशिननंच काढावा. पण उतरवणारच असाल, तर बिनमीटरचा नाही.

ग्रामपंचायतीनं एक डिटेक्टर घ्यावा, वेळच्या वेळी तपासून घ्यावा, टाकी उपसणाऱ्याला भाड्यानं द्यावा. पुढच्या ग्रामसभेत मी हा ठराव मांडतोय. अनुमोदन कोण देतंय, खाली नाव लिहा.