बोटांआधी खांदा

जून उजाडला की बालवाडीच्या दारात प्रश्न ठरलेला : ‘‘ताई, लिहायला कधी शिकवणार?’’ मूल असतं तीन-साडेतीन वर्षांचं. ताई महिनाभर टिकाव धरतात, मग चौकटीच्या वह्या निघतात.

‘अजून लहान आहे’ एवढ्यावर पालकांचं समाधान होत नाही, आणि व्हावं तरी का? कारण सांगायला हवं. मनगटातली आठही हाडं जन्मतः कूर्चेची असतात. चौथ्या वर्षी त्यांतली साधारण निम्मीच हाडात बदललेली असतात. शिवाय हातावरचा ताबा खांद्याकडून कोपराकडे, मनगटाकडे आणि सर्वांत शेवटी बोटांकडे येतो. तिसऱ्या वर्षाच्या आसपास मूल पाहून गोल काढतं, चौथ्याच्या आसपास फुली. तिरक्या रेघांचा त्रिकोण जमायला पाचवं उजाडतं. मग ‘र’ची तिरकी रेघ दोन ओळींत बसवायची घाई कशाला? या वयात झाडाला लोंबकळणं, बादली उचलणं, भिंतीवर ओल्या फडक्यानं चित्रं काढणं हीच लेखनाची तयारी. उभ्या पृष्ठभागावर मनगट आपोआप योग्य कोनात वळतं. खडूही अखंड नको, तुकडाच द्यावा. तो मुठीत धरता येत नाही, चिमटीतच धरावा लागतो.

पण वही मिटली म्हणजे खेळ सुरू झाला, असं नाही. अलीकडे ‘सूक्ष्म कारक विकास’ नावाची तासिका असते. प्रत्येकाला दहा मणी, एक दोरा, ‘ओवा’. ही वहीचीच बहीण. तेच मूल भातुकलीत बाहुलीच्या लग्नाचा हार करत असेल, तर मणी निसटला तरी पुन्हा उचलतं, दोरा ओला करतं, शेजारणीशी भांडतं आणि अर्धा तास हलत नाही. हाताला काम नव्हे, कारण लागतं. 1945 साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, तेव्हा माँटेसरीचं महाग साहित्य खेड्याला परवडणारं नव्हतं. पानं, बिया, शिंपले, खडे हेच साहित्य झालं. त्याचा फायदा निव्वळ पैशांचा नव्हता. त्या वस्तूंचं काय करायचं हे मुलांना आधीच ठाऊक होतं. (चिंचोके मात्र नजरेसमोरच द्या. ते नाकात जातात, हे आपल्यापैकी कुणाला सांगायला नको.)

धीर धरण्याचीही सीमा असते. एखादं मूल एक हात सतत अंगाशीच ठेवत असेल, पाचव्या वर्षाकडे झुकूनही खडू मुठीतच धरत असेल, शेंगा सोलायला बसवलं की दरवेळी उठून जात असेल, तर ‘येईल हळूहळू’ म्हणू नका. काय दिसलं ते तारखेसह लिहून ठेवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत तपासणीला येतं; ती नोंद त्यांच्यापुढे ठेवा. खाजगी बालवाडी असेल, तर पालकांना घेऊन बालरोगतज्ज्ञांकडे जा आणि व्यवसायोपचारतज्ज्ञ कुठे भेटतील ते तिथेच विचारा.