फुटबॉलने ऑपेरा घराघरात नेला. मग बर्लिनला गेलेल्या अमरावतीच्या पथकाचं काय?

ऑपेरा म्हणजे आपल्या संगीत नाटकाचा लांबचा नातेवाईक. त्यातला गायक फुटबॉलमुळे घराघरात पोचला, ते साल १९९०. इटलीतल्या वर्ल्ड कपसाठी बीबीसीने लुचानो पावारोत्ती यांचं ‘नेस्सुन दोर्मा’ शीर्षकगीत म्हणून घेतलं. रेकॉर्डिंग जुनंच, १९७२ चं. ऑपेरावाले त्यांना कधीपासून ओळखत होते, पण आता गाणं ब्रिटनच्या पॉप चार्टवर थेट दुसऱ्या क्रमांकावर गेलं. फायनलच्या आदल्या दिवशी रोममध्ये ते डोमिंगो आणि कारेरास यांच्यासोबत गायले. गंमत बघा, त्या रेकॉर्डिंगचे आणि या मैफलीचेही कंडक्टर एकच होते : मुंबईत जन्मलेले झुबिन मेहता.

खेळाच्या मोठ्या मंचावर स्पर्धेत न उतरता कला दाखवायची, हे वऱ्हाडाने ५४ वर्षं आधीच करून पाहिलं होतं. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चं. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकवेळी मंडळाच्या पथकाने तिथे कबड्डीसह देशी खेळांची प्रात्यक्षिकं केली. नाव झालं, कौतुकही झालं.

पण पावारोत्तींचं गाणं टीव्हीवर पुन्हा पुन्हा वाजत होतं, शिवाय दुकानात विकतही मिळत होतं. बर्लिनचा खेळ संपला की संपला. शिवाय खेळाला नुसत्या टाळ्या पुरत नाहीत. एकसारखे नियम, संघटना आणि बऱ्याच देशांचे संघ लागतात. कबड्डी आशियाई स्पर्धेत पदकाचा खेळ झाली ती बीजिंगमध्ये, तीही १९९० सालीच. ऑलिम्पिकच्या पदकांत ती अजूनही नाही.